गोरेपणाची बिननावाची डबी: सौंदर्यप्रसाधनांतला खरा धोका कुठे आहे?

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. हाताच्या मागच्या बाजूला लिपस्टिक लावा, वरून सोन्याची अंगठी घासा. रेघ काळी उमटली तर लिपस्टिकमध्ये शिसं आहे आणि त्याने कॅन्सर होतो. मेसेज खोटा आहे. मेणासारख्या मऊ थरावर धातू घासला की काळपट रेघ उठू शकते, तिचा शिशाशी काही संबंध नाही. शिसं मोजायला प्रयोगशाळा लागते, अंगठीचं ते काम नाही.

मी फार्मासिस्ट आहे, परभणीत मेडिकल चालवते. हा मेसेज दाखवून "ताई, ही लिपस्टिक चांगली हाय का?" असं विचारणाऱ्या बाया-पोरी माझ्याकडे येतात. त्यांतल्याच काही जणी जाता जाता हळू आवाजात म्हणतात, "गोरं व्हायची ती ट्यूब द्या ना. पोरीला पाहुणे बघायला येऊ लालेत." मला काळजी वाटते ती या दुसऱ्या मागणीची. आपली भीती चुकीच्या वस्तूवर खर्च होतेय. नाव, पत्ता, घटक सगळं छापलेल्या बाटलीला आपण घाबरतो आणि काहीच न छापलेली डबी बिनधास्त तोंडाला लावतो.

म्हणून हा लेख. कोणत्या वस्तूत काय असतं, ते अंगात जाऊन काय करतं आणि कशाला खरोखर घाबरायचं, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते.

आधी धोका आणि जोखीम यांतला फरक

गावातला जुना आड साठ फूट खोल असतो. ती खोली म्हणजे धोका. आडाला कमरेइतका कठडा आहे, वर जाळी आहे, तर त्याच आडावर चार पिढ्या पाणी भरतात आणि कुणाला काही होत नाही. कठडा ढासळलाय, जाळी नाही, शेजारी लेकरं खेळतायत, तर आड तोच, खोली तीच, पण जोखीम भयंकर वाढली.

प्रसाधनांचंही असंच आहे. एखादा पदार्थ घातक आहे एवढं कळून भागत नाही. तो किती आहे, कातडीवर किती वेळ राहतो, कुठे लावतो आणि रोज लावतो की वर्षातून एकदा, हा त्याचा कठडा. तोंड धुवायचा फेसवॉश अर्ध्या मिनिटात वाहून जातो. रात्रीचं क्रीम आठ तास मुरतं. तळपायाची कातडी जाड असते. पापणीची, गालाची आणि जांघेतली पातळ, तिथून पदार्थ आत जास्त जातो. लहान बाळाचं वजन कमी, म्हणून तेवढंच मलम त्याला कितीतरी जास्त पडतं.

लिपस्टिकचाच हिशोब बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या ४०० लिपस्टिक तपासल्या होत्या. शिसं सापडलं, सरासरी १.११ पीपीएम, सगळ्यात जास्त ७.१९ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, एक किलोत एक मिलिग्रॅम. ओठांना एका वेळी लागते ती लिपस्टिक काही मिलिग्रॅम. तिच्यातलं शिसं इतकं कमी की मोठ्या माणसाने त्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. लेकरांच्या हाती लिपस्टिक देऊ नये हे खरं, कारण लेकरं ती चाटतात आणि वाढत्या मेंदूला थोडंही शिसं नको असतं.

हा पीपीएमचा आकडा लक्षात ठेवा. पुढे लगेच लागणार आहे.

पारा माणसाला गोरं कसं करतो

आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो. आपल्या भागातल्या उन्हात तेच आपलं संरक्षण करतं. मेलॅनिन तयार करायला शरीराला टायरोसिनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. पाऱ्याचे क्षार हे विकर निकामी करतात. रंग तयार होणं थांबलं की आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसायला लागतो. पारा स्वस्त आहे, परिणाम झटपट आहे. म्हणून बेकायदा क्रीम बनवणाऱ्यांचा तो लाडका.

आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. साध्या प्रसाधनात चुकून, अजाणता आलेला पारा १ पीपीएमच्या वर चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० पीपीएम आहे. बेकायदा क्रीमांमध्ये मात्र काही वेळा दहा हजार पीपीएम आणि त्याहूनही जास्त पारा सापडलेला आहे. दहा हजार पीपीएम म्हणजे एक टक्का. तीस ग्रॅमच्या डबीत नियमाने फार तर ०.०३ मिलिग्रॅम पारा चालला असता. इथे त्याच डबीत ३०० मिलिग्रॅम. दहा हजार पट.

लावलेला पारा कातडीतून, केसांच्या मुळांतून रक्तात उतरतो. त्याची थोडी वाफही होते, ती नाकातून जाते. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईच्या गालाला गाल लावणारं बाळ, सगळीकडे तो पोचतो. क्रीम एकटी लावते, पण पारा घरभर होतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत आणि अंगावरच्या दुधातही तो जातो.

रक्तात गेलेला पारा साठतो मुख्यतः मूत्रपिंडात. मूत्रपिंडातली गाळणी रक्तातली घाण लघवीत सोडते आणि कामाची प्रथिनं अडवून धरते. पाऱ्यामुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती या गाळणीवरच उलटते, गाळणी खराब होते आणि प्रथिनं लघवीतून वाहून जायला लागतात. मग लघवीला फेस येतो, तोही असा की पाणी ओतलं तरी लवकर मोडत नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते. संध्याकाळी पाय इतके सुजतात की चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो आणि नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो.

अशा वेळी आपल्याकडे पहिला संशय कशावर जातो? बीपीवर, शुगरवर, बोअरच्या पाण्यावर. क्रीमचं नाव कुणीच काढत नाही. डॉक्टर विचारत नाहीत आणि बाई स्वतःहून सांगत नाही, कारण गोरं व्हायला काहीतरी लावतेय हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटते.

अकोला आणि कोट्टक्कल

आपल्या शेजारचं अकोला. तिथली एक कॉलेजात शिकणारी तरुणी, तिची आई आणि तिची बहीण, एकाच घरातल्या तिघींना काही महिन्यांच्या अंतराने मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा तिघींच्या वापरातली एकच वस्तू सापडली: स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेलं क्रीम. ते तपासलं तर त्यात पारा. २०२३ मध्ये ही बातमी आली.

त्याच सुमारास केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण दिसत होते. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, म्हणजे वर सांगितलेल्या गाळणीच्या आजाराचे, २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत नेल-वन नावाच्या प्रथिनाशी जोडलेला, एरवी क्वचित आढळणारा प्रकार निघाला. या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. वेळेत लक्षात आलं तर हा आजार मागे फिरू शकतो, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

जगानेही याची दखल घेतली आहे. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला जपानमधल्या मिनामाता गावाचं नाव आहे. तिथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला आणि हजारोंची आयुष्यं उद्ध्वस्त झाली. भारताने २०१८ मध्ये हा करार मान्य केला. २०२३ च्या बैठकीत ठरलं की पारा घातलेली सगळी प्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायची. आधीची १ पीपीएमची पळवाटही काढून टाकली. पण करार कारखान्यांना आणि सरकारांना बांधतो. आठवडी बाजारात प्लास्टिकच्या कागदावर मांडलेल्या डब्यांपर्यंत तो आपोआप पोचत नाही.

ही डबी ओळखायची कशी?

डोळ्यांनी पारा दिसत नाही, पण काही खुणा असतात. डबीवर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नसतो. घटकांची यादी नसते, किंवा परक्या लिपीतला मजकूर असतो आणि आयात करणाऱ्याचं नावच नसतं. यादी असलीच तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द दिसतात. ही सगळी पाऱ्याचीच नावं. काही डब्यांवर "सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नका" अशी सूचना असते. चेहऱ्याच्या क्रीमवर दागिन्यांची काळजी घ्या असं लिहायची वेळ का यावी? पारा सोन्या-चांदीत मिसळून ते खराब करतो, म्हणून. अशी सूचना दिसली की डबी खाली ठेवा.

आणि सगळ्यात साधी खूण म्हणजे वेग. पंधरा दिवसांत दोन शेड उजळ करणारं काही हाती आलं तर ते कशामुळे होतंय हे विचारा. हळद, चंदन, केशर यांनी असं होत नाही.

पारा नाही, मग ट्यूब तर सुरक्षित ना?

नाही. मेडिकलमधून मागितली जाते ती ट्यूब बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. मी हे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय.

स्टेरॉइडचं मलम हे उत्तम औषध आहे. इसब, सोरायसिस यांत कातडीची आग आणि सूज ते शमवतं. डॉक्टर ठरावीक जागेवर, ठरावीक दिवस लावायला सांगतात. चेहऱ्यावर लावलं की ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, म्हणून चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. कुणीतरी मैत्रिणीला सांगतं, मैत्रीण बहिणीला, आणि ट्यूब गावभर होते. लग्न ठरलेले नवरदेवही यात मागे नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी खरी गोष्ट सुरू होते. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर-हनुवटीवर लव वाढते. आणि ट्यूब थांबवली की चेहरा भाजल्यासारखा लालबुंद होतो, आग होते, उन्हात पाऊल टाकवत नाही. मग ट्यूब परत लावली की बरं वाटतं. म्हणजे ज्याने आजार केला तेच औषध वाटायला लागतं. या अवस्थेला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिलं आहे, इतके असे चेहरे त्यांच्याकडे येतात.

काही ट्यूबांत स्टेरॉइडबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. वांगासाठी थोडे दिवस, देखरेखीखाली वापरायचं ते औषध आहे. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोपडलं तर काहींच्या गालावर निळसर-काळे डाग पडतात, आणि ते जाता जात नाहीत. उजळ व्हायला लावलेल्या औषधाने कायमचं काळं होतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. खोक्यावर आरएक्स हे चिन्ह आणि चौकटीतली सूचना असते. ट्यूबवरच्या घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही वाचलं की ती स्टेरॉइडची ट्यूब. नियम आहे, तरी चिठ्ठी न विचारता ती विकली जाते, हे माझ्या धंद्यातलं सत्य आहे आणि मला त्याचा राग येतो. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल ही भीती प्रत्येकाला असते. पण चेहरा बिघडलेली पोर परत आपल्याच दाराशी येते.

हेच गजकर्णाचंही. जांघेतल्या खाजेला स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण इतकं चिवट झालंय त्यामागे हेही एक कारण आहे.

टिकलीखालचा पांढरा डाग

एक काकू दुकानात आल्या, आजूबाजूला कुणी नाही बघून नखाने टिकली उचकटली आणि कपाळ पुढे केलं. भुवयांच्या मधोमध टिकलीच्याच मापाचा, कंपासने काढल्यासारखा गोल, पांढुरका डाग. "कोड फुटलं का हो?" एवढंच त्यांनी विचारलं. घरात लग्नाची पोर होती. आपल्याकडे या एका शब्दाने सोयरिकी मोडतात, म्हणून त्या कित्येक दिवस डाग दिसू नये म्हणून आणखी मोठी टिकली लावत होत्या.

टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचा पदार्थ असू शकतो. त्याची रचना कातडीतल्या रंगद्रव्याच्या कच्च्या मालाशी मिळतीजुळती असल्यामुळे रंग बनवणाऱ्या पेशी तो आत ओढून घेतात आणि त्यातच मरतात. रोज, त्याच जागी, घामाने भिजलेल्या कपाळावर टिकली तासन्‌तास चिकटून राहते. आपल्या भागातला एप्रिल-मे आठवा. याला रासायनिक ल्युकोडर्मा म्हणतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर येणारे पांढरे डागही याच जातीचे. कोलकात्यातल्या ८६४ रुग्णांच्या एका अभ्यासात अशा डागांचं पहिल्या क्रमांकाचं कारण केसांचा कलप निघालं, आणि सुमारे १२ टक्क्यांत टिकली.

डाग दिसला त्या दिवशी टिकली बंद करा. मोठी लावून झाकू नका, कारण मोठ्या टिकलीला गोंदही मोठा. लवकर थांबवलं आणि उपचार घेतले तर बऱ्याच जणींचा रंग परत येतो. उशीर केला तर डाग टिकलीच्या बाहेरही पसरू शकतो. हे अंगातून आलेलं कोड आहे की गोंदाचं, ते कातडीचे डॉक्टर बघून सांगतील. टिकलीच्या पाकिटावर गोंदात काय आहे हे सहसा छापलेलं नसतं. त्यामुळे रात्री टिकली काढून कपाळ धुणं, मधूनमधून काही दिवस टिकलीला सुट्टी देणं, एवढं आपल्या हातात आहे.

"मागच्या वेळी कलपाने काही झालं नव्हतं"

कलप आणि काळी मेहंदी यांत पीपीडी असतं, पॅरा-फिनिलीन-डायमिन. केसात शिरून काळा रंग पक्का करणारं हे रसायन. युरोपात केसांना लावायच्या तयार मिश्रणात ते जास्तीत जास्त २ टक्के चालतं. अमेरिकेत ते केसांच्या कलपासाठीच आहे, कातडीवर लावायला नाही.

याची ॲलर्जी कशी होते हे समजून घ्या. पहिल्या वेळी शरीर त्या पदार्थाची फक्त ओळख करून घेतं, वरून काही दिसत नाही. पुढच्या कुठल्यातरी वेळी, कदाचित दहा वर्षांनी, ते एकदम उसळतं: डोकं खाजतं, पाणी सुटतं, पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. म्हणून मागच्या वेळी काही झालं नाही ही खात्री नव्हे. कलपाच्या खोक्यावर आधी थोडा लावून बघा असं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावायचा, दोन दिवस वाट बघायची. भुवयांना, पापण्यांना तर लावायचाच नाही. त्याने दृष्टी जाऊ शकते हेही त्या खोक्यावर असतं. मिशीला लावणाऱ्यांनी ओठ-नाक जपावं.

मेहंदीची पारख सोपी. पानांची खरी मेहंदी तासन्‌तास ठेवावी लागते आणि ती केशरी ते तपकिरी रंगते. अर्ध्या तासात काळीभोर रंगणारा कोन असेल तर त्यात पानाशिवाय दुसरं काही आहे. नवरीच्या हातावर मेहंदीच्या नक्षीबरहुकूम फोड उठलेले मी पाहिलेत. तो हात बघवत नाही.

"पण आमचं तर आयुर्वेदिक, घरगुती आहे"

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे खरं नाही. सुरमा परंपरेने गॅलिना नावाच्या खनिजाचा करतात, ते शिशाचंच खनिज. ते डोळ्यांत जातं, आणि बाळ डोळे चोळून तोच हात तोंडात घालतं. मारुतीला लावतो तो शेंदूर परंपरेने शिशाचा ऑक्साइड. तो देवाला शोभतो. लेकराच्या कपाळाला लावू नये, आणि मूर्तीला लावल्यावर हात धुवावेत. मालिका बघून भांगात सिंदूर भरायची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाने २०१७ मध्ये अमेरिका आणि भारतातले ११८ नमुने तपासले, तर सुमारे ८० टक्क्यांत कमीअधिक शिसं निघालं, आणि काहींत भलतंच जास्त. आपले नियम शिशाचे क्षार रंगासाठी वापरायला मनाई करतात, तरी सुट्या पुडीत काय आहे ते पुडी सांगत नाही. हळदीचं कुंकू हे वेगळं प्रकरण आहे, पण सुट्या लाल पुडीवर नुसतं कुंकू म्हणून विश्वास टाकू नका.

चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसातला एक घटक ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी करतो आणि तिथे काळे डाग राहतात.

पॅराबेनचं काय?

ज्याची सगळ्यात जास्त धास्ती आहे ते हे. पॅराबेन म्हणजे क्रीम-शाम्पू सडू नये म्हणून घालायचा पदार्थ. २००४ मध्ये एका संशोधनात स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं आणि जगभर घबराट झाली. पण त्यात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती. पॅराबेनमुळे गाठ झाली असं त्यातून सिद्ध होत नव्हतं. पॅराबेन शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखं थोडंसं वागतं हे खरं, पण फार क्षीणपणे. युरोपने २०१४ मध्ये ज्यांची पुरेशी माहिती नव्हती अशी पाच पॅराबेनं बंद केली आणि बाकीच्यांना मर्यादा घातली. ठरलेल्या मर्यादेतल्या पॅराबेनला घाबरायचं मला तरी कारण दिसत नाही.

उलट पॅराबेन टाळण्याच्या नादात युरोपात कंपन्यांनी मिथाइल-आयसोथायाझोलिनोन वापरायला सुरुवात केली आणि ॲलर्जीची लाटच आली. शेवटी अंगावर राहणाऱ्या क्रीमांमध्ये त्यावर बंदी घालावी लागली. "अमुक-मुक्त" छापलेलं बघून खूश होण्याआधी त्याच्या जागी काय घातलंय ते वाचा.

टाल्कम पावडरबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं. बाळाच्या तोंडाजवळ पावडर झटकायची आपली सवय मात्र त्याआधीही वाईटच होती, कारण ती फुप्फुसात जाते. बाळाला पावडरची गरज नसते.

केस सरळ करायला गेल्यावर डोळे का चुरचुरतात

स्मूदनिंग, केराटिन या नावाने शहराशहरांत हे चालतं. काही द्रवांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम इस्त्री फिरवली की त्यातून सुटतं. डोळे-घसा चुरचुरतो तो त्याच वायूने, आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे हे ठरलेलं आहे. गिऱ्हाईक वर्षातून एक-दोनदा जातं. पार्लरमधली पोर दार-खिडक्या बंद करून एसीत रोज तेच हुंगते. तिचा विचार कुणी करत नाही.

फॉर्मल्डिहाइड नसलेल्या काही द्रवांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. ते डोक्याच्या कातडीतून रक्तात जाऊन त्याचं ऑक्झलेट बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. केस सरळ करून आल्यावर तीन वेगवेगळ्या वर्षी, तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडाचं काम बिघडलं होतं. पार्लरमध्ये बाटली मागून घटक वाचायचा हक्क आपल्याला आहे. बाटली दाखवत नसतील तर खुर्चीतून उठा.

"दुकानात मिळतं म्हणजे सरकारने पास केलेलंच असेल ना?"

प्रसाधन बनवायला परवाना लागतो, परदेशातून आणायला नोंदणी लागते. पण औषधासारख्या रुग्णांवरच्या चाचण्या प्रसाधनाला लागत नाहीत. आणि परवाना नसलेला माल परवान्याच्या रस्त्याने येतच नाही. तो बसमधून, पार्सलने, इन्स्टाग्रामवरून येतो.

त्यामुळे खोकं वाचणं हाच आपला कठडा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी हे सगळं छापलेलं हवं. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल तर किंमत कितीही कमी असो, विकणारी कितीही ओळखीची असो, घेऊ नका. पार्लरमध्ये मोठ्या बरणीतून छोट्या डबीत भरून दिलेलं "आमचं स्वतःचं नाईट क्रीम" याच हिशोबात मोडतं.

आधीच वापरत असाल तर

बिननावाचं क्रीम आजच थांबवा. पण ते जाळू नका, पाऱ्याची वाफ होईल. मोरीत, नाल्यात किंवा विहिरीत टाकू नका. डबी झाकण लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवायला आणि तक्रार करायला ती लागेल. लघवीत प्रथिनं जातात का, ही तपासणी स्वस्त आहे आणि गावाजवळच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. सूज किंवा फेस असेल तर ती लगेच करा आणि क्रीमचं स्पष्ट सांगा. घरात तीच डबी वापरणाऱ्या सगळ्यांची तपासणी करा, आणि आईने लावलं असेल तर लेकरांचीही.

स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर मनाने एकदम तोडू नका, आग भडकेल. कातडीच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू कमी करत आणतात. खासगीत परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं यांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना ट्यूब, डबी, टिकलीचं पाकीट, कलपाचं खोकं जे असेल ते पिशवीत घालून न्या. "पांढरं क्रीम लावलं" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, औषध विभागात करता येते. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. डबीचा फोटो, कुठे घेतली, कधी घेतली एवढं सांगा. बिल नसलं तरी सांगा.